शिंगाळ्याचे काटे

खाडीकाठच्या कोळंबी तळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर कधी कधी शिंगाळाही शिरतो. चवीला बरा, हाताळायला वाईट!

हा मार्जारमीनांच्या गणातील, एरिडी कुळातला मासा. जुन्या पुस्तकांत त्याच्या बहुतेक जाती एरियस किंवा टॅकिसुरस या नावांखाली दिसतात; आता त्या अनेक प्रजातींत विभागल्या आहेत. बाजारात मात्र सगळे शिंगाळेच. अंगावर खवले नसतात, तोंडाभोवती मिशा असतात आणि शेपटीच्या अलीकडे पाठीवर लहानसा मांसल पर असतो. काटे तीन: पाठीवर एक, छातीच्या परांना एकेक. ते दातेरी असतात आणि ताठ उभे राहून अडकून बसतात. काट्यावरील त्वचेत विषग्रंथी असतात. मेलेल्या शिंगाळ्याचा काटाही बाधतो, म्हणून पक्कडीने आधी काटे मोडावेत, मगच मासा जाळ्यातून सोडवावा.

काटा लागलाच तर जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावा. विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने निष्प्रभ होते व ठणका उतरतो. पाणी चांगल्या हाताने पाहावे. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. आत तुटलेला काटा घरी कोरू नये. डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल जरूर विचारावे.

आणखी एक. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो, तोवर स्वतः उपाशी राहतो. अंडी टपोरी, पण मोजकीच. तोंडात अंडी असलेला नर जिवंत सापडला, तर काटे सांभाळून त्याला परत खाडीत सोडा.