विड्याचें लग्न

व्हिएतनामांत पुष्कळ घराणीं चांद्र वर्षाचा सातवा महिना विवाहास वर्ज्य मानितात. त्यामुळें एखाद्या उन्हाळ्यांत, तो लागण्यापूर्वीं, एकाच कुटुंबांत लग्नांमागून लग्नें होतात. बहिणींचे सोहळे पाहून स्वतःच्या लग्नाचा बेत करणाऱ्या वधूपुढें प्रश्न उभा राहतो : खर्चांतून काय वगळावें? मेजवानी आटोपशीर होईल, पाहुणे कमी होतील. परंतु वरपक्षानें आणावयाचीं विड्याचीं पानें, सुपाऱ्या आणि पूर्वजांच्या वेदीपुढील उदबत्ती ती वगळीत नाहीं. त्यांवांचून आजीच्या लेखीं लग्न लागलेंच नसतें. दोन भाऊ व एकाची पत्नी मरणोत्तर सुपारीचें झाड, चुनखडी व नागवेल झालीं, अशी तेथील दंतकथा आहे. तिघें एकत्र आल्यावांचून विडा रंगत नाहीं, हें सुपारी फोडून सोयरीक ठरविणाऱ्या मराठी श्रोत्यांस निराळें सांगावयास नको.