शिकाऊ परवान्याची परीक्षा : माझा अनुभव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आतल्या खोलीत असते. शिरा आणि चहा हे माझे खाते. यंदा कार्यकारिणीने मला समोर उभे केले आहे आणि वाहनाच्या शिकाऊ परवान्यावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. तेव्हा घडले तसे सांगते, कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम एक कबुली देते. मी तीन वर्षे परवान्याशिवाय स्कूटर चालवली. दळण, भाजी, सासूबाईंचा दवाखाना, सगळे तिच्यावरच. घरापासून मंडईपर्यंत तर जायचे, त्याला कसला आला आहे परवाना, असे मी म्हणत असे. खरे कारण निराळे होते. परवान्यासाठी परीक्षा असते हे मला ठाऊक होते, आणि परीक्षा म्हटले की पोटात गोळा येई. शाळा सुटल्यापासून मी लिहिले ते वाण्याच्या यादीपुरते. त्यात कोणीतरी सांगितले होते की आठवी पास असल्याशिवाय परवाना मिळत नाही. ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या कानावर असेल, म्हणून स्पष्ट सांगते. आठवीची ती अट धंद्याच्या गाड्यांसाठी होती, आणि तीही २०१९ साली काढून टाकली. घरच्या स्कूटरला शिक्षणाची अट नाही. नसलेल्या अटीला मी तीन वर्षे भीत होते.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मारुतीच्या देवळापाशी, जिथे चार गल्ल्या मिळतात, तिथे माझी स्कूटर दूध घालणाऱ्या मुलाच्या सायकलीला लागली. मी सरळ चालले होते, तो उजव्या हाताच्या गल्लीतून आला. पोरगा पडला, कोपर सोलपटले, किटलीतले दूध रस्त्यावर गेले. मी काय केले असेल? त्याला उठवायच्या आधी त्याच्यावरच ओरडले. "दिसत नाही का रे? मी सरळ येत होते ना!" चार माणसे जमली, तीही माझ्याच बाजूची. पोराने खाली मान घालून सायकल उचलली आणि तो गेला.

संध्याकाळी घरी हे सांगितले, तेव्हा आमच्या घरचे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचा हात मोडला असता तर?" तेव्हा मला प्रथम कळले की विमा कंपनी जखमीला भरपाई देते खरी, पण चालवणाऱ्याकडे परवाना नसला तर तेच पैसे गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. परवान्यावाचून चालवण्याचा दंड पूर्वी ५०० रुपये होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो ५००० झाला. शिवाय ज्याने गाडी अशा माणसाच्या हाती दिली त्याला वेगळी शिक्षा आहे. गाडी यांच्या नावावर. म्हणजे चूक माझी आणि शिक्षा दोघांना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्जाच्या मागे लागले. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना नमुना १-अ हे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. डोळे तपासले, तांबडा-हिरवा ओळखता येतो ना ते पाहिले. चष्मा लावून २५ मीटरवरची गाडीची पाटी वाचता आली पाहिजे असे आहे. मला आली, पण चष्म्याची काच बदलून घ्यावी लागली. ते काम एरवी मी आणखी पाच वर्षे लांबवले असते.

आता परीक्षा. २०२१ पासून आपल्याकडे आधार कार्डावर ती घरबसल्याही देता येते. मुलगा म्हणाला, "आई, तू नुसती कॅमेऱ्यासमोर बस. मी पलीकडून उत्तर सांगतो." कचेरीच्या फाटकाशी एक एजंट भेटला, तो तर म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त सही करा, बाकी माझ्यावर सोडा." खोटे कशाला बोलू, मन डळमळले होते. पण तीन वर्षे पोलीस दिसला की गल्ली बदलण्यात गेली होती. परवाना खिशात असूनही तसेच चोरट्यासारखे वाटणार असेल तर तो घ्यायचा कशाला? मी कचेरीत जाऊन स्वतःच बसायचे ठरवले.

आणि पहिल्या खेपेस नापास झाले.

त्याचे कारण सांगते, कारण तुम्हीही तेच कराल. मी प्रश्नांची पुस्तिका आणली आणि पाढे पाठ करावेत तशी पाठ केली. पहिल्याचे उत्तर दोन, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे एक. घरात सगळ्यांना म्हणून दाखवली, शाबासकी मिळवली. परीक्षेला लेखी म्हणतात, पण लिहायचे काही नसते. पडद्यावर प्रश्न येतो, खाली उत्तरे येतात, बरोबर वाटेल ते निवडायचे. मला १५ प्रश्न होते, प्रत्येकाला अर्धा मिनिट. पासाला शेकडा साठ हवेत, म्हणजे ९. पडद्यावर पाहते तो प्रश्नांचा क्रम निराळा, उत्तरांचा क्रम निराळा! माझे दोन-तीन-एक सगळे वाया गेले. प्रश्न वाचावा तर वाचून होण्याआधी वेळ संपे. ७ बरोबर आले. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि पाण्याची बाटली उघडून बराच वेळ नुसती हातात धरली. शेजारी कॉलेजातला एक मुलगाही नापास होऊन बसला होता, त्याचा मात्र मला मोठा आधार वाटला.

घरी आल्यावर लक्षात आले की माझी अडचण दोन प्रकारची आहे. एक, वाचनाचा वेग. दुसरी, ती सरकारी मराठी. पादचारी, अग्रक्रम, निषिद्ध, अनियंत्रित चौक! ओव्हरटेक आपल्याला कळते, पण 'पुढील वाहनास ओलांडणे' म्हटले की दोनदा वाचावे लागते. परीक्षा मराठीत देता येते हे फार चांगले आहे, पण ती आपल्या तोंडातल्या मराठीत असती तर आणखी बरे झाले असते. असो. रोज दुपारी भांडी झाली की मी सासूबाईंना एकेक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवू लागले. मुलगी मोबाईलवर सेकंद मोजी. पहिल्या दिवशी एका प्रश्नाला पाऊण मिनिट लागले. पंधरवड्यात वीस सेकंदांत वाचून विचार करायला वेळ उरू लागला. सासूबाईंना वाचता येत नाही, पण ऐकून ऐकून त्या माझ्याआधी उत्तर देत. एकदा म्हणाल्या, "अगं, पिवळा दिवा लागला की थांबायचं, पळायचं नाही. तू पळतेस." खरेच, मी पळत असे.

खुणांसाठी मुलीने जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे चित्रे काढून दिली. तिने आधी आकार शिकवले, आणि ही युक्ती मला फार उपयोगी पडली. गोल पाटी म्हणजे हुकूम. लाल कड असली तर बहुतेक मनाई किंवा मर्यादा, निळी असली तर तसे केलेच पाहिजे. टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे पुढे जपून : शाळा, अरुंद पूल, वळण. चौकोनी पाटी माहिती देते : दवाखाना, पेट्रोलपंप. दोनच पाट्या आकाराने वेगळ्या. आठ कोनांची तांबडी 'थांबा', आणि टोक खाली असलेला त्रिकोण, 'वाट द्या'. मग मंडईत जाताना मी पायी जाऊ लागले आणि वाटेतल्या पाट्या वाचू लागले. इतकी वर्षे त्या होत्या कुठे, असे वाटले. दवाखान्याजवळच्या भोंगा न वाजवण्याच्या पाटीखाली उभी राहून मी किती वेळा भोंगा वाजवला असेल!

काही प्रश्न मनात राहिले. पांढरी काठी घेतलेला अंध माणूस रस्ता ओलांडत असेल तर ती काठी म्हणजेच 'थांबा' ही खूण समजायची. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. माहेरी चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात आमची एस. टी. कधी कधी का थांबते ते आता कळले. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात न्यायचे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचे. मदत करणाऱ्या तिऱ्हाईताला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत त्याला संरक्षण दिले आहे, तेव्हा रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर पोलिसांच्या भीतीने पाठ फिरवू नका.

आणि एक प्रश्न असा आला की मी वाचता वाचता थांबले. जिथे दिवा नाही, पोलीस नाही, आणि समोरचा रस्ता मुख्य म्हणून ठरवलेला नाही, अशा चौकात कोणाला वाट द्यावी? उत्तर : आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्या वाहनाला.

सासूबाई म्हणाल्या, "पुढचा वाच." मला वाचवेना. मारुतीचे देऊळ, चार गल्ल्या, आणि तो उजवीकडून आलेला मुलगा. वाट त्याची होती. मी सरळ चालले होते म्हणून मी बरोबर, असे मी धरून चालले होते, आणि जमलेल्या चारही जणांनी तेच धरले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दारात उभी राहिले. तो दूध घालायला आला. मी म्हटले, "बाळा, त्या दिवशी चूक माझी होती. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. मी उगीच बोलले तुला. दूध किती सांडलं होतं?" तो गोंधळला. म्हणाला, "काकू, मला पण म्हाईत नव्हतं." पैसे घेईना. शेवटी सासूबाईंनी आतून ओरडून घ्यायला लावले. जाता जाता त्याने विचारले, "म्हणजे माझ्या उजवीकडून कोणी आलं तर मी थांबायचं ना?" पुस्तिकेतले एवढे नेमके मला पहिल्या वाचनात कळले नव्हते.

फेरपरीक्षेची फी ५० रुपये. दुसऱ्या खेपेस १५ पैकी १३ आले. जे दोन चुकले त्यातला एक गाडी उभी करण्याविषयी होता. त्यावर अजून घरात वाद आहे. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो, आणि पक्क्या परवान्यासाठी गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. तोवर पुढे-मागे पांढऱ्यावर तांबड्या अक्षरात 'एल' लावायचा आणि परवानाधारक माणूस बरोबर घ्यायचा. म्हणजे मंडईला जायचे तर हे मागच्या सीटवर हवेत. ज्या माणसाने पंचवीस वर्षांत भाजी आणली नाही, त्याला आता कोथिंबिरीचा भाव तोंडपाठ आहे.

माझी चाचणी पुढच्या महिन्यात आहे. लग्नपत्रिकांच्या पाठीवरची ती चित्रे मी आज पिशवीत आणली आहेत. मंगळवारी दुपारी भजन झाल्यावर अर्धा तास इथेच बसू. ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांनी आधी यावे, मी सेकंद मोजीन. एक विनंती आहे. बरोबर येताना चष्मा आणा.