नोंदीतली वेळ कोणाची?



यंत्राने केलेल्या नोंदींवर आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर. परंतु एका कामगाराची नोकरी या विषयावर अडकली, तेव्हा तो शिकल्यावाचून आम्हाला गत्यंतर उरले नाही.

उस्मानपुऱ्यातून रेल्वे स्टेशनच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे पुष्कळजण या सभेत आहेत. भट्टीचे तपमान पूर्वी माणूस वहीत लिहीत असे, हे त्यांतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. आता ते थर्मोकपल मोजते आणि संगणक लिहितो. संगणकाला हे काम सांगण्यासाठी चित्रांची एक भाषा आहे. लॅबव्ह्यू हे तिच्यातले प्रसिद्ध साधन. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने ते १९८६ साली बाजारात आणले. तीत ओळीखाली ओळ लिहायची नसते. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. हाती सगळा माल आल्याशिवाय फिटर जोडणीला लागत नाही, तसा एखाद्या चौकोनाला लागणारी सगळी माहिती तारेतून पोचली की मगच तो चालतो. त्यामुळे डावीकडचा आधी आणि उजवीकडचा मागून, असा नेम नाही. ‘तपमान वाच’ आणि ‘वेळ सांग’ या दोन चौकोनांना तारेने बांधले नाही, तर आधी कोण चालेल याची खात्री कोणी देऊ नये.

आता ती रात्र सांगतो. तिसऱ्या पाळीत धोक्याची घंटा वाजली म्हणून आमच्या एका सभासदाने भट्टी बंद केली. आतला माल वाया गेला. संगणकाच्या नोंदीत बटण दाबल्याची वेळ होती २ वाजून ७ मिनिटे, आणि तपमान मर्यादेबाहेर गेल्याची वेळ २ वाजून १५. म्हणजे कारण घडण्याआधी आठ मिनिटे याने भट्टी बंद केली! आरोपपत्र हाती पडले. त्याच्या खिशातल्या वहीत ‘२.०५ घंटा’ असे लिहिलेले होते. चौकशीत सांगण्यात आले की वही मागाहूनही लिहिता येते, यंत्राचे कोणाशी वैर नसते.

यंत्राचे वैर नसते हे खरेच. आम्ही एवढेच मागितले की सर्वांसमक्ष थर्मोकपल भट्टीतून बाहेर काढावे आणि भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहून ठेवावी. तसे झाले. तपमान घसरल्याची नोंद संगणकाने केली, ती बरोबर दहा मिनिटे उशिराची! मग एका तरुण इंजिनिअरने ती जोडणी पडद्यावर उघडून दाखवली. दर सेकंदाला एक आकडा, असे सहाशे आकडे साठले की त्यांचा गठ्ठा संगणकाकडे येई. गठ्ठ्याबरोबर दोनच गोष्टी ठेवायच्या असतात: पहिल्या आकड्याची वेळ आणि दोन आकड्यांमधले अंतर. बाकीच्या वेळा हिशेबाने निघतात. इथे गठ्ठा पोचल्याची वेळच पहिल्या आकड्याला चिकटवली होती. पहिली चुकली, म्हणून सहाशेच्या सहाशे चुकल्या. बटणाची नोंद मात्र त्याच क्षणी होत होती. घंटा खरोखरच २ वाजून ५ मिनिटांनी वाजली होती.

कारखान्यातले घड्याळ कोणाचे, हा वाद जुना आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. त्याच महिन्यात मुंबईच्या हजारो गिरणीकामगारांनी या बदलाविरुद्ध काम बंद ठेवले. काटे पुढे सरकले की सकाळचा भोंगा तेवढाच आधी वाजणार, हे त्यांना बिनचूक कळले होते. त्यांना कोणी अडाणी म्हणो. आम्ही म्हणणार नाही.

आणखी एक खाच अशी की, लॅबव्ह्यूमध्ये वेळ मोजतात ती १ जानेवारी १९०४ च्या ग्रीनिचमधल्या मध्यरात्रीपासून, सेकंदांत. वाचताना आपले साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर रात्रीचे २ वाजून ५ मिनिटे म्हणजे आदल्या रात्रीचे ८ वाजून ३५ होतात, आणि तिसऱ्या पाळीचा दोष दुसऱ्या पाळीच्या माथी बसतो.

आरोपपत्र मागे घेतले गेले. तो कामगार त्याच भट्टीवर आहे. वही अजून खिशात असते. आम्ही त्यानंतर दोन मागण्या ठेवल्या. वेळ मोजणीच्या जागीच घेतली जावी आणि कारखान्यातली सगळी यंत्रे एकाच घड्याळाला बांधावीत, ही पहिली. ती मान्य झाली. नोंदीची एक प्रत, वेळ कुठे आणि कशी घेतली या तपशिलासह, कामगारांच्या समितीकडेही असावी, ही दुसरी. तिच्यावर बोलणी चालू आहेत.