कापूस आपला, कायदा कोणाचा?

(मूर्तिजापूर येथील बैठकीतील भाषण)



कृषीची पदवी घेऊन आम्ही गावोगाव फिरायला लागलो, तेव्हा आम्हाला वाटायचं, बियाणं सुधारलं, खत वेळेवर पडलं की शेतकरी उभा राहील. पीक वाढलं, पण सोसायटीचं कर्ज काही फिटलं नाही. मग आम्ही पिकाबरोबर कायदाही वाचायला घेतला.

देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली कारंज्याला उघडला. कारंजा त्या काळी आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यात होतं. 1897 साली साऱ्या वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदा झाला. कशासाठी? मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख कापूस बेताच्या भावात मिळावा म्हणून. बाजार कमिटीवर व्यापारी होते, नगरपालिकेची माणसं होती. कापूस पिकवणारा नव्हता.

इंग्रज गेला. 1971 साली आपल्याच सरकारनं एकाधिकार खरेदीचा कायदा केला. व्यापाऱ्याची लूट थांबवू म्हणाले. हेतू वाईट नव्हता. पण गिऱ्हाईक एकच उरलं. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी आपलाच कापूस तिकडे नेणं गुन्हा ठरला. ग्रेड तेच लावणार, चुकारे तेच देणार, तेही त्यांच्या सवडीनं. 2002 साली खासगी खरेदीला वाट मिळाली, तोवर तीस वर्षं निघून गेली होती.

म्हणजे काळी जमीन तीच, पाऊस तोच, राबणारे हात तेच. फरक पडतो तो नियम कोण करतं आणि त्याला जाब कोण विचारतं, यानं.

आज बाजार समितीत 18 पैकी 15 जागा शेतकऱ्यांच्या म्हणतात. पण मत कोणाला? सेवा सोसायटीच्या संचालकांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना. 2017 साली साध्या शेतकऱ्याला थेट मत मिळालं. खर्च फार होतो म्हणून 2020 साली ते काढून घेतलं. आमदार निवडायला आपण शहाणे, अन् अडत्यावर नजर ठेवणारा निवडायला अडाणी?

म्हणून या बैठकीपुढे आमचं मागणं दोनच गोष्टींचं आहे. गावी गेल्यावर सोसायटीची सभासद यादी उघडून आपलं नाव पाहा, बायकोच्या नावानं शेत असेल तर तिचंही पाहा. आणि बाजार समितीत प्रत्येक शेतकऱ्याला मत मिळावं, असा ठराव ग्रामसभेत घ्या. भाव मागायचा तर आधी त्या टेबलाशी बसायला जागा पाहिजे.