बालगृहाआधी नातलगांचं घर

निराधार मुलांच्या सांभाळासाठी शासन स्वयंसेवी संस्थांच्या बालगृहांना दर मुलामागे अनुदान देतं. पण 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार संस्था हा शेवटचा पर्याय आहे. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांसाठी हे तत्त्व फार मोलाचं. आई-वडील दूर असताना आजी, मामा, काका मूल सांभाळायला तयार असतात. अडतं ते खर्चापाशी. म्हणून पैसा आधी त्यांच्याकडे जायला हवा. राज्याच्या बालसंगोपन योजनेत असं मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाला मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. ते मुलावरच खर्च होतील कशावरून, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर नियमित गृहभेटी आणि शाळेतली हजेरी, मुलाला आजीपासून तोडणं नव्हे. मात्र घरातच छळ होत असेल, तिथे चांगलं बालगृह हवंच. संकटातलं मूल दिसलं, तर 1098 या बालमदत क्रमांकावर कळवा.