दार न उघडण्याचं शिक्षण

(1995 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर 2025 मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, "तू तिकडे नक्की काय करतेस?" माझ्या आईला हे मी गेली कित्येक वर्षं समजावते आहे. ती शेजारणींना "बॉस्टनला कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते आणि विषय संपवते. तर, मी कलासंग्रहालयांच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर करते. दारं, कॅमेरे, भिंतीवरच्या चित्रामागे बसवलेले सेन्सर या सगळ्यांकडून येणाऱ्या सूचना एका पडद्यावर आणायच्या आणि त्या कोणी, किती वाजता पाहिल्या याची नोंद ठेवायची. चित्रकलेत माझी गाडी एलिमेंटरीच्या पुढे गेली नाही हे बाईंना आठवत असेलच. त्यामुळे रेम्ब्रांच्या चित्राशी माझा संबंध त्याच्या मागच्या बाजूने येतो!

पण आज सॉफ्टवेअरबद्दल बोलणार नाही. त्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाबद्दल, त्याला कसं तयार करतात त्याबद्दल बोलणार आहे. कारण या धंद्यातला अवघड भाग तोच आहे, असं माझं मत झालं आहे.

आमच्याच गावातली गोष्ट सांगते. बॉस्टनमध्ये इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या बाईंनी उभारलेलं संग्रहालय आहे. 18 मार्च 1990. सेंट पॅट्रिक्स डेची रात्र, गावात हुल्लड. आत दोनच पहारेकरी, दोघेही तरुण. रात्री 1 वाजून 24 मिनिटांनी बाजूच्या दाराशी पोलिसांच्या गणवेशात दोघं आले. म्हणाले, गडबडीची तक्रार आली आहे, आत बघायचं आहे. नियम होता की रात्री कोणालाही आत घ्यायचं नाही. पण दाराशी पोलीस उभे! दार उघडलं गेलं. मग त्यांनी पहारेकऱ्याला, तुझ्या नावाचं वॉरंट आहे असं सांगून टेबलामागून बाहेर बोलावलं. पोलिसांना खबर देणारं अख्ख्या इमारतीतलं एकमेव बटण त्या टेबलाशी होतं. पुढे दोघांनाही चिकटपट्टीने बांधून तळघरात नेलं आणि 81 मिनिटं चोर आत फिरत होते. 13 वस्तू गेल्या. त्यात व्हर्मीरचं "द कॉन्सर्ट" होतं आणि रेम्ब्रांचं गॅलिलीच्या समुद्रातल्या वादळाचं चित्र, तेही चौकटीतून कापून नेलेलं. बक्षीस आता 1 कोटी डॉलरचं आहे, पण 35 वर्षांत त्यातली एकही वस्तू परत आलेली नाही.

आता यातली माझ्या धंद्याची बाजू ऐका. सेन्सर चालू होते. चोर कुठल्या दालनात किती वाजता गेले याची नोंद होत होती. जाताना त्यांनी कॅमेऱ्याच्या कॅसेट आणि नोंदींचा छापील कागद नेला, पण तीच नोंद संगणकाच्या डिस्कवर शिल्लक राहिली. म्हणजे यंत्राने आपलं काम चोख केलं. फक्त ते कोणाला सांगायचं, तो माणूस तळघरात बांधलेला होता.

त्या पहारेकऱ्याला आजही लोक नावं ठेवतात. मला ते पटत नाही. रात्री दीड वाजता, कमी पगारावर, एकट्याने दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाला "नाही" म्हणणं ही सोपी गोष्ट नाही. तसं म्हटलं तर उद्या कोण आपल्या पाठीशी उभं राहील, हे त्याला आधी माहीत असावं लागतं.

गणवेशाला माणूस वाट देतो, हे चोरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1911 साली लूव्रमधून मोनालिसा नेणारा पेरुजा तिथल्या कामगारांसारखा पांढरा झगा घालून होता. चित्र जागेवर नाही हे लक्षात येऊनसुद्धा ते फोटो काढायला नेलं असेल असं समजून पहारेकरी निवांत राहिले, बोंब झाली ती दुसऱ्या दिवशी. आणि आत्ता, 19 ऑक्टोबरला, त्याच लूव्रमध्ये सामान चढवायची शिडी बसवलेला ट्रक आणि पिवळी जाकिटं घालून चोर रविवारी सकाळी साडेनऊला अपोलो दालनाच्या खिडकीतून आत शिरले. आठ मिनिटांच्या आत आठ दागिने घेऊन पसार. रस्त्यावर कामाची जाकिटं घातलेल्या माणसांना कोण हटकतो?

आमची यंत्रणा जिथे बसवली आहे अशा एका संग्रहालयाच्या सुरक्षाप्रमुखांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. ते स्वतः दालनात उभं राहणारे पहारेकरी म्हणून लागले होते, त्यामुळे आठ तास संगमरवरी फरशीवर उभं राहिलं की गुडघ्याचं काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी कॅमेरे दाखवत नाहीत. रात्रीच्या दाराशी नेतात आणि दार न उघडायला शिकवतात. बाहेर कोणीही असो, पोलीस, अग्निशमन दल, संचालक, त्याला नम्रपणे थांबायला सांगायचं आणि आपण फोन करून खात्री करायची. फोन कुठल्या नंबरावर? बाहेरच्या माणसाने दिलेल्या नाही, आपल्या टेबलावर आधीपासून लिहून ठेवलेल्या. पोलीस खरा असेल तर त्याला राग येईल. येऊ दे.

मग वर्षभर अधूनमधून तालमी. कधी खोटा निरीक्षक येतो, कधी मोठ्या देणगीदाराचा भाचा, कधी शिडी आणि रंगाचा डबा घेतलेला माणूस. जो फसतो त्याला सगळ्यांसमोर बोलायचं नाही, बाजूला घेऊन काय झालं ते त्याच्याकडूनच ऐकायचं. एकदा खरोखरच संचालक रात्री ओळखपत्र विसरून आले आणि नव्या मुलीने त्यांना थंडीत दाराबाहेर उभं करून फोन लावला. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी संचालक स्वतः आले आणि सर्वांसमोर तिचे आभार मानून गेले. सुरक्षाप्रमुख मला म्हणाले, माझं सहा महिन्यांचं प्रशिक्षण आज पाच मिनिटांत झालं.

त्यांचा आणखी एक नियम मला फार आवडतो. रात्री तीन वाजता पहारेकऱ्याचा फोन आला तर वरिष्ठाने त्रासलेल्या आवाजात बोलायचं नाही. कारण शुल्लक असलं तरी "बरं केलंस उठवलंस" असंच म्हणायचं. एकदा खेकसलात, की पुढच्या वेळी तो फोन करणार नाही, आणि ती पुढची वेळ खरी असू शकते. मी हे सॉफ्टवेअरमध्ये कसं घालू? मी फार तर दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर वरच्या माणसाला आपोआप फोन जाईल अशी सोय करू शकते. ती केली आहे. आवाजातला त्रास मला काढता येत नाही.

खोट्या अलार्मचंही तसंच. त्यांच्या नियंत्रण कक्षात मी काही रात्री बसून काढल्या आहेत. एका खिडकीजवळचा सेन्सर पडदा हलला की बोंबलायचा. तिसऱ्यांदा वाजला की बघायला जाणारा माणूस चालत जातो, दहाव्यांदा बसल्याजागी बटण दाबून गप्प करतो. यात आळस नाही, मेंदूच तसा आहे. आपल्या वर्गात कोण सारखं "बाई, हा बघा!" म्हणायचं आणि मग बाईंनी त्याच्याकडे लक्ष देणंच कसं सोडलं, आठवतं ना? (नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे.) म्हणून तिथे प्रत्येक खोट्या अलार्मचं कारण लिहावं लागतं आणि तो सेन्सर आठवडाभरात दुरुस्त करावा लागतो. "पहारेकरी सावध राहा" अशी पाटी लावण्यापेक्षा हे जास्त उपयोगी.

दिवसाचं काम मात्र चोरांशी नसतंच. ते असतं बोटांशी. लोक चित्रातलं काहीतरी दाखवायला बोट पुढे करतात, पाठीवरच्या बॅगेसकट गर्रकन वळतात, पुतळ्याच्या गुडघ्यावरून हात फिरवतात. हाताच्या घामाचे आणि तेलाचे डाग दगडात, धातूत उतरतात. पहारेकऱ्याने धावायचं नाही, कारण धावलं की दचकून माणूस चित्रावरच जाऊ शकतो. बाजूने, समोरच्याला दिसेल असं जायचं, हळू आवाजात एक पाऊल मागे घ्यायला सांगायचं आणि का ते एका वाक्यात सांगायचं. कारण सांगितलं तर लोक ऐकतात, नुसतं दटावलं तर वाद घालतात. आमच्या पी.टी.च्या सरांना हे तेव्हा कळलं असतं तर! सर, रागावू नका.

आणि कधीतरी खरंच काही घडतं. 1985 साली लेनिनग्राडच्या हर्मिटाजमध्ये एकाने रेम्ब्रांच्या "डॅनाए" या चित्रावर सुरी चालवली आणि ॲसिड ओतलं. ते चित्र दुरुस्त होऊन पुन्हा लोकांसमोर यायला 12 वर्षं लागली. 1990 मध्ये ॲमस्टरडॅमला त्याच चित्रकाराच्या "नाइट वॉच"वर एकाने ॲसिड फवारलं. पहारेकरी तत्काळ धावले, चटकन पाणी मारलं गेलं आणि इजा वरच्या वार्निशवर थांबली. दोन्ही हल्ले अगदी सारखे नव्हते. पण पाणी कुठे ठेवलं आहे हे त्या क्षणी शोधावं लागत नसेल तर काय वाचतं, ते यात दिसतं. आगीच्या तालमीत क्रम वेगळा: आधी माणसं बाहेर, मग चित्रं. हत्यारबंद चोर समोर आला तर झुंजायचं नाही, नीट पाहायचं आणि खबर द्यायची. लूव्रच्या पहारेकऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये हेच केलं, तरी त्यांना भित्रे म्हणणारे निघालेच.

त्याच लूव्रचे कर्मचारी जून महिन्यात गर्दी फार आणि माणसं कमी म्हणून काम थांबवून बसले होते, ही बातमी तुम्ही कदाचित वाचली नसेल. आता माझ्यापर्यंत येते. आमच्यासारख्या कंपन्यांची यंत्रणा विकताना सर्वांत सोपं वाक्य कुठलं असतं, तर "यामुळे तुमची माणसं कमी होतील." आमचे विक्रीवालेही ते म्हणत. एका ठिकाणी यंत्रणा बसल्यावर रात्रीचे चार होते त्यांचे दोन केले. दोघांतला एक गस्तीवर गेला की पडद्यासमोर एकच उरतो. तो प्रसाधनगृहात गेला तर? मी हा प्रश्न लेखी विचारला, अनेकदा विचारला. वर्षभराने आमच्या विक्रीच्या कागदांतून ते वाक्य गेलं. त्या ठिकाणचे मात्र अजून दोनच आहेत. पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट नूतनीकरणाला येतं आहे आणि रात्री किमान तीन माणसं ही अट घातल्याशिवाय मी तांत्रिक मंजुरीवर सही करणार नाही असं कळवलं आहे. काय होतं बघू. नोकरीवर येईल असं वाटत नाही, पण नवरा जरा धास्तावला आहे.

आणखी एक सांगते. 2022 मध्ये बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने तिथल्या 17 सुरक्षारक्षकांना एक प्रदर्शन निवडायला दिलं. कुठली चित्रं, का, कशी मांडायची, सगळं त्यांनी ठरवलं. कोणी कितीही मोठा समीक्षक असो, एकाच चित्राजवळ तो वर्षानुवर्षं दिवसाचे काही तास उभा राहतो का? हा माणूस राहतो. चौकटीचा कोपरा जरा सरकला तरी त्याला आधी कळतं. माझ्या सेन्सरला कळायच्या आधीसुद्धा, हे मी पाहिलं आहे.

आपल्याकडे 2018 मध्ये हैदराबादच्या निजाम संग्रहालयातून हिरेजडित सोन्याचा डबा गेला. चोर झरोक्यातून दोरीने उतरले, कॅमेऱ्याचं तोंड फिरवून ठेवलं होतं. आठवड्याभरात ते सापडले. त्यांनी मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात मुक्काम केला होता आणि त्यांतला एक त्या डब्यात रोज जेवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. आपण हसलो. पण कॅमेऱ्याचं तोंड फिरलं तेव्हा पडद्यासमोर कोण होतं, असा प्रश्न मला पडतो.

तुमच्यापैकी दोघं-तिघं आपल्या गावच्या संग्रहालयाच्या समितीवर आहेत, आणि सोसायटीचे सेक्रेटरी तर डझनभर असतील. एक करा. एका रात्री दोन वाजता जा, चहा घेऊन जा. पहारेकऱ्याला विचारा, आत्ता काही झालं तर तू कोणाला फोन करशील? नंबर कुठे लिहिला आहे? तो माणूस उचलतो का? त्याला बसायला धड खुर्ची आहे का, बारा तासांत कोणी अर्धा तास सुट्टी देतं का, तेही बघा. कॅमेऱ्याचं कोटेशन त्यानंतर मागवा. मला पाठवलंत तर फुकट तपासून देईन.

आणि बॉस्टनला कोणी आलात तर गार्डनरला मी घेऊन जाईन. बाईंच्या मृत्युपत्रानुसार तिथली मांडणी बदलता येत नाही, म्हणून चोरीला गेलेल्या चित्रांच्या रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर आहेत. फक्त मंगळवारी येऊ नका, मंगळवारी ते बंद असतं.