कागदावरचे मागणे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढच्या इयत्ता आम्ही कारखान्याच्या गेटवर, कामगार आयुक्तांच्या कचेरीतील बाकावर आणि युनियनच्या जुन्या टाईपरायटरपुढे बसून शिकलो. म्हणून आज विषयही आमच्या ऐपतीचाच घेतला आहे. कामाचे पत्र कसे लिहावे, एवढेच सांगावयाचे आहे. कोणी म्हणेल, हे तर शाळेत झाले. झाले खरे, पण शाळेत पत्र चुकले तर दोन गुण जातात. व्यवहारात चुकले तर काय जाते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात प्रेस मशीनवर एका तरुण कामगाराची दोन बोटे गेली. कामावर जखम झाली आणि माणूस घरी बसला, तर ईएसआयकडून त्याला रोजाचे पैसे मिळतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु त्यासाठी मालकाकडून अपघाताचा अहवाल ईएसआय कचेरीत जावा लागतो. तो गेला नव्हता. आम्ही तेव्हा ऐन तारुण्यात होतो. रात्रभर जागून चार पानांचे पत्र लिहिले. पहिल्या पानावर भांडवलशाहीचा समाचार, दुसऱ्यावर कारखान्याचा नफा, तिसऱ्यावर वर्षभराच्या तक्रारी; त्यांत कँटीनच्या चहाचीही तक्रार होती. चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: ‘तसेच सदर अपघाताबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी.’ दुसऱ्या दिवशी ते पत्र गेटवर वाचून दाखविले. टाळ्या पडल्या. आठ दिवसांनी कंपनीचे उत्तर आले: ‘आपले पत्र मिळाले. मजकुराची नोंद घेतली आहे.’

तीन महिने तसेच गेले. तेव्हा आमच्या वस्तीत एक सेवानिवृत्त हेडक्लार्क राहत असत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांना पत्राची प्रत दाखविली. ती वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “भाऊ, हे पत्र तुम्ही कुणाला लिहिलंत?”

“मॅनेजरला.”

“नाही. हे तुम्ही स्वतःला लिहिलंत. राग निघाला, पत्राचं काम संपलं. आता सांगा, तुम्हाला नेमकं हवंय काय? एका वाक्यात सांगा.”

आम्ही म्हणालो, “अपघाताचा अहवाल ईएसआयकडे जायला हवा.”

“मग हे वाक्य या चार पानांत कुठं आहे?”

ते कुठेच नव्हते. त्याच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून सात ओळींचे पत्र लिहिले. कामगाराचे नाव, खाते, अपघाताची तारीख आणि वेळ. अहवाल अद्याप गेलेला नाही. तो सात दिवसांत पाठवावा आणि त्याची प्रत युनियनला द्यावी. न पाठविल्यास आम्ही ईएसआय कचेरीत लेखी तक्रार करू. पाचव्या दिवशी अहवाल गेला. परंतु मधल्या तीन महिन्यांत त्या घरातले डोरले सोनाराकडे गेले होते, ते परत आले नाही. अहवाल पाठविला नाही हा मालकाचा दोष. तो आम्ही तसूभरही कमी करीत नाही. पण नेमके मागितले नाही, हा दोष आमचा. ते तीन महिने आजही आमच्या खात्यावर उधार आहेत.

या ठेचेनंतर आम्ही शोधू लागलो की, आमच्या आधीच्या माणसांनी हे काम कसे केले? तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांचा अर्ज समोर आला. लोखंडे स्वतः मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, पुढे ‘दीनबंधु’चे संपादक झाले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे गेला. त्यात मागण्या किती? पाच. रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. आणि कामावर जबर जखम होऊन माणूस घरी बसला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. कायमचा अपंग झाला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

यात वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. ‘परिस्थिती सुधारावी’, ‘सहानुभूतीने विचार व्हावा’ अशी वाऱ्यावर सोडलेली मागणी एकही नाही. ज्याला अक्षरओळख नाही अशा माणसालाही त्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि आपण सही कशाखाली करीत आहोत हे घरी जाऊन सांगता आले असते. पत्र फक्त वरच्या साहेबाला कळून भागत नाही; ज्यांच्या नावाने ते जाते, त्यांनाही ते कळावे लागते. पत्राने लगेच चमत्कार झाला, असे आम्ही म्हणत नाही. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी जून १८९० मध्ये मान्य केली. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे गेली, आणि मध्ये पुन्हा सभा, पुन्हा अर्ज झाले. पण मागणे स्पष्ट होते म्हणून ते सहा वर्षे टिकून राहिले. धूसर मागणे सहा महिन्यांत विसरले जाते.

दुसरे उदाहरण आपल्या नाशिकचेच. १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. त्याआधी सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, यांच्यामार्फत मंदिराच्या विश्वस्तांना नोटीस गेली होती. तिचे सार एका वाक्यात मावते: ठराविक तारखेच्या आत मंदिर अस्पृश्यांना खुले करा, नाहीतर सत्याग्रह होईल. आणि त्याच वेळी गावोगावच्या आपल्या लोकांना दुसरा निरोप गेला: सत्याग्रहासाठी नाशिकला या. हजारो लोक आले आणि २ मार्चला सत्याग्रह सुरू झाला. प्रश्न एकच, पण निरोप दोन. कारण वाचणारे दोन. विश्वस्तांना दार उघडायचे होते, लोकांना घर सोडून यायचे होते. ज्याने जे करावयाचे, त्याला तेच सांगितले. दार काही त्या दिवशी उघडले नाही, लढा पुढे वर्षानुवर्षे चालला. परंतु आम्हांला कळले नाही, असे म्हणायची सोय कोणाला राहिली नाही.

आता केवळ कामगारांचे पुढारीच वाईट लिहितात, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. एका कारखान्यात व्यवस्थापनाने फलकावर नोटीस लावली: ‘उत्पादन व्यवस्थेत आवश्यक ती पुनर्रचना करण्यात येत असून संबंधितांनी नोंद घ्यावी.’ कामगारांनी अर्थ घेतला, कपात होणार. दुपारच्या पाळीला एकही मशीन चालले नाही. आम्ही आत जाऊन विचारले, तेव्हा कळले की पाळीची वेळ अर्ध्या तासाने पुढे जाणार होती, बस! ‘सोमवारपासून पहिली पाळी सात ऐवजी साडेसातला सुरू होईल, पगारात व माणसांत बदल नाही,’ एवढे लिहिले असते तर दोन्ही बाजूंचे नुकसान वाचले असते. ‘करण्यात येत आहे’, ‘कार्यवाही होईल’ या वाक्यांत कर्ता नसतो. कोण करणार, केव्हा करणार, हे लपते. आणि जिथे कर्ता लपतो, तिथे अफवा जन्माला येते.

हल्ली निरोप मोबाइलवर जातात, म्हणून काही निराळे होते असे नाही. आम्हीच एकदा ग्रुपवर टाकले, ‘उद्या सकाळी नऊला गेटवर जमा.’ कोणी तो निरोप रात्री वाचला, कोणी दुसऱ्या दिवशी पुढे पाठविला. निम्मी माणसे परवा येऊन उभी राहिली. कागदाला ‘उद्या’ कळत नाही, तारीख कळते.

काकांच्या ओट्यावर आम्ही जो क्रम शिकलो, तो आपल्यापुढे ठेवतो. लेखणी हातात घेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे तोंडाने द्यावी: पत्र कोणाला? त्याने काय करावे? केव्हापर्यंत? आणि का? जो ते काम करू शकतो त्याच्याच नावे पत्र घालावे. मायना साधा ठेवावा; नमनालाच घडाभर तेल जाळले तर पुढे उजेड कशाचा पडणार? विषयाची ओळ आणि पहिला परिच्छेद यांतच मागणे यावे. मग कारणे, तारखेच्या क्रमाने. विशेषणे गाळावी, घटना ठेवाव्या. ‘अमानुष वागणूक’ हे शब्द खोडता येतात, ‘१२ तास काम, जेवणाची सुट्टी नाही’ हे खोडता येत नाही. एका पत्रात एकच काम. जोडलेले कागद शेवटी मोजून लिहावे. मग ते पत्र ज्याला प्रकरण ठाऊक नाही अशा माणसाला वाचून दाखवावे आणि विचारावे, आम्ही काय मागतो आहोत? तो अडखळला तर दोष त्याचा नव्हे, पत्राचा. पाठविताना प्रत ठेवावी आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी. आवक क्रमांक नसलेले पत्र कचेरीच्या दृष्टीने जन्मालाच आलेले नसते.

रागाचे काय करावे? राग खोटा नसतो. आम्ही आजही पहिला मसुदा रागातच लिहितो. तो रात्रभर उशाखाली ठेवतो आणि सकाळी त्यातले मागणे तेवढे उचलून दुसरा लिहितो. गेटवरचे भाषण आणि टेबलावरचे पत्र, दोन्हींची गरज असते. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये, एवढेच.

आपल्यापैकी कोणी दुकानदार असतील, कोणी सोसायटीचे सेक्रेटरी असतील, कोणा भगिनीला नळाच्या पाण्यासाठी महापालिकेत अर्ज द्यायचा असेल. तो अर्ज घरी एकदा मोठ्याने वाचून पाहा आणि काकांचा प्रश्न स्वतःला विचारा: नेमकं हवंय काय, आणि ते वाक्य यात कुठं आहे?